भावार्थ नको, शब्द सांगा

"तुम्ही देवाशी नेमकं काय बोलता?"

पेण स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, सकाळच्या घाईत, तोंडात बिस्किट असताना हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारलाय? मला विचारलाय. विचारणारे गृहस्थ म्हणजे आमच्या समोरच्या दारातले पोतनीस सर. वय सदुसष्ट, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, काखेत लांबट वही. आणि पाय कायम कुठेतरी निघालेले. माणूस उभा असला तरी पाय निघालेले.

"सर, गाडी येतेय," मी म्हटलं.

"येऊ दे. देवाला हात जोडता ना? तेव्हा मनात येतं ते वाक्य सांगा. शब्दशः."

"असंच आपलं, सगळ्यांना सुखी ठेव वगैरे."

"हा भावार्थ झाला, सुलभाबाई. भावार्थ नको, शब्द सांगा."

आता मला सांगा, देवाशी आपण काय बोलतो ही काय प्लॅटफॉर्मवर सांगायची गोष्ट आहे? मी फणकाऱ्यानं गाडीत चढले. तर हे माझ्या मागोमाग चढले! कासूपर्यंत माझ्यासमोर उभे. बसायला जागा होती, पण बसतील तर ते पोतनीस सर कसले? कासूला उतरताना म्हणाले, "विचार करून ठेवा," आणि उलट गाडीची वाट बघत फलाटावर येरझाऱ्या घालायला लागले. बाईमाणसाला एवढ्या सकाळी विचार करून ठेवायला वेळ असतो का? पण दिवसभर ऑफिसात मी त्याचाच विचार करत होते. आणि माझ्या लक्षात आलं, मी देवाला रोज फक्त "बघ रे बाबा" एवढंच म्हणते. कधीपासून म्हणते तेही आठवेना.

मी रोह्याच्या एका कॉलेजात ऑफिसला आहे. सर तिथेच मानसशास्त्र शिकवायचे. मी नवी लागले तेव्हा ते ऐन भरात होते. वर्गात इतके फिरायचे, की मुलं म्हणायची, सरांच्या तासाला डोकं नाही, मान दुखते. आणि देव म्हटला की तळपायाची आग मस्तकात! कॉलेजात सरस्वतीपूजन असलं की हे बाहेर नळापाशी उभे. "देव म्हणजे मनाला लागलेली एकट्यानं बोलायची सवय" हे त्यांचं वाक्य तीन पिढ्यांनी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

आणि बायको कोण? निर्मलावहिनी. सकाळी सातला पूजा, म्हणजे सातला. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे मला घड्याळाची गरजच नव्हती. आत घंटा वाजली की बाहेर सरांच्या चपला वाजायच्या. अर्ध्या मिनिटाचं अंतर कधी पडलं नाही. सर नाक्यावर जाऊन उभ्याउभ्या अर्धा कप चहा पिणार, उरलेला तसाच टाकणार, आणि उदबत्तीचा वास विरला असेल असा अंदाज घेऊन परत येणार. गल्लोगल्ली गणपती रंगवणाऱ्या आमच्या पेणमध्ये देवाला चुकवत फिरणं काय सोपं आहे? पण त्यांनी सगळं आयुष्य ते जमवलं. वहिनी कधी एका शब्दानं भांडल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "वहिनी, तुम्हाला राग नाही येत?" तर म्हणाल्या, "राग कसला गं? त्यांना नाही आवडत, ते जातात. मला आवडतं, मी थांबते."

असं छान, आपापलं चाललेलं घर. दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांत वहिनींना पक्षाघाताचा झटका आला.

हात-पाय बऱ्यापैकी परत आले. उजवा हात जरा मागे राहिला, पण चालायला लागल्या. वाचा मात्र गेली. म्हणजे सगळं कळतं हो! कोण आलं, कोण गेलं, भाजीत मीठ कमी, सगळं कळतं. पण बोलायला गेल्या की तोंडातून एकच शब्द, "असं." चहा हवा तरी "असं", नको तरी "असं". मुलगी बंगळुरूला असते. ती फोनवर "आई" म्हणून हाक मारायची आणि इकडून "असं... असं..." आणि मग दोन्हीकडून रडणं. सर तेव्हा गॅलरीत जाऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहायचे. मला ते बघवत नसे.

तरी हॉस्पिटलात असतानाच एक गंमत झाली होती. संध्याकाळी शेजारच्या कॉटवरच्या आजींच्या घरच्यांनी हळू आवाजात आरती म्हटली, आणि आमच्या वहिनींनी त्यांच्याबरोबर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ती घडाघडा म्हटली! सर धावत नर्सकडे गेले, "बोलतेय, बोलतेय!" नर्स येईपर्यंत आरती संपली होती. "मावशी, नाव काय तुमचं?" नर्सनं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "असं."

पनवेलच्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी समजावून सांगितलं. पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं, मनातलं वेगळ्या. पाठाची वाट शाबूत असेल तर तिचं बोट धरून कधीकधी दुसरी वाट सापडते. पण आरती सगळ्यांची असते. "काका, त्या रोज न चुकता, स्वतःच्या शब्दांत असं काही म्हणायच्या का? ते मिळालं तर फार उपयोग होईल. आणि लवकर बघा, जेवढा वेळ जाईल तेवढं अवघड होत जातं."

म्हणायच्या ना! पूजेला बसल्या की वहिनी रोज देवाशी बोलायच्या. पण काय बोलायच्या? ते ऐकायला नवरा घरात होता कुठे?

आणि मग सुरू झाली ती वही.

सरांचा हिशेब असा, की माणसांची देवाशी बोलायची वाक्यं फार वेगवेगळी नसणार. शंभर जणांची जमवली तर त्यात एखादं निर्मलाचं निघेल. अर्धं आपण म्हणायचं, अर्ध्यावर थांबायचं, तिच्या तोंडून पुढचं आलं की सापडलं. म्हणून जो दिसेल त्याला प्रश्न. भाजीवाली, रिक्षावाले, गाडीतले तिकीट तपासनीस. तपासनीसाला विचारलं तेव्हा मी शेजारी होते. तो बिचारा इतका गोंधळला, की सरांचं तिकीट बघायचंच विसरला.

एकेक नमुने! आमच्या खालच्या मजल्यावरचा प्रशांत डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे. त्याची प्रार्थना, "देवा, शिफ्ट बदलू दे, नायतर निदान कँटीनला वांगं नको." इस्माईलभाई टेलर म्हणाले, "नमाज अरबीत, पण मागणं आपल्या बोलीत. अरबीत मागायला गेलो आणि शब्द चुकला तर भलतंच मिळायचं." आणि कासूची भाजीवाली तर देवाला झापतेच. "काय रं, झोपलास काय? सगल्यांचा ऐकतोस नि माझाच कसा नाय ऐकत? कान हायेत का नाय तुला?"

सर खूश. मला म्हणायचे, "बघा सुलभाबाई, साहेबाला अहो-जाहो, नवऱ्याला अहो-जाहो, आणि ज्याच्या हातात सगळं त्याला अरे-तुरे! माणूस खरा विचार कुठे करतो कळलं? जिथे अरे-तुरे करतो तिथे. मी पस्तीस वर्षं चुकीच्या ठिकाणी शोधत होतो."

दुपारी चारला प्रयोग. सर येरझाऱ्या घालत वाचणार, वहिनी खुर्चीत. भाजीवालीचं झापणं सरांनी अगदी तिच्या आवाजात वाचलं, "काय रं, झोपलास काय?" आणि थांबून अपेक्षेनं बायकोकडे पाहिलं. वहिनी आधी दचकल्या आणि मग जे हसत सुटल्या! डोळ्यांतून पाणी, "असं! असं!" करत मांडीवर थापा. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसल्या त्या. पण सरांनी वहीत फुली मारली. त्यांना हसू नको होतं, शब्द हवा होता.

गावानं अर्थात वेगळाच अर्थ काढला. पोतनीस सर लायनीवर आले! देवळाच्या भजनी मंडळाला तर आनंदाचं भरतं आलं. त्यांनी सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला. सर गेले, मला वाटलं नव्हतं जातील. शाल घेतली, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मी काही आस्तिक-बिस्तिक झालेलो नाही. पण एवढी मंडळी एका जागी परत सापडणार नाहीत. प्रत्येकानं या क्षणी देवाला काय म्हणताय ते चिठ्ठीवर लिहा. नाव नको. शब्दशः लिहा." लोकांनी लिहिलंही. आणि या बाबानं त्या चिठ्ठ्या तिथेच मोठ्यांदा वाचल्या! अकरा चिठ्ठ्यांत एकच मागणं निघालं, अध्यक्षांचं भाषण लवकर संपू दे. अध्यक्षांचं भाषण अजून व्हायचं होतं. ते झालंच नाही. तेव्हापासून ते सरांना पाहिलं की रस्ता बदलतात.

मंडळातल्या बायकांना मात्र सरांनी चिकाटीनं एकेक करून गाठलं. निर्मला तुमच्यात यायची, तिच्या तोंडून कधी काही ऐकलं का? कुणी म्हणे, "मुलीचं भलं कर म्हणत असतील." कुणी म्हणे, "अखंड सौभाग्यच मागणार ना!" सर चिडायचे. "हे तुम्ही ठरवताय! तिनं काय म्हटलं ते सांगा!" मग दुपारी ते सगळं वहिनींना ऐकवायचे आणि वहिनी मान हलवायच्या. नाही. नाही. हेही नाही.

मार्च गेला, एप्रिल संपत आला. वही भरत आली. मॅडमनी सांगितलेलं सर विसरले नव्हते, त्यामुळे त्यांचं फिरणं वाढतच चाललं होतं. एकदा मी दमून कामावरून आले, चपलाही काढल्या नव्हत्या, तर हे दारात. "सुलभाबाई, समोर राहता तुम्ही. भिंतीला कान लावला नाहीत कधी?" माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "सर, मी कशाला लावू? तुम्ही एक दिवस, अहो एक दिवस घरात थांबला असतात तर गावभर विचारत फिरायची वेळ आली नसती!"

बोलून गेले आणि जीभ चावली. सर उभे होते ते उंबऱ्यावरच खाली बसले. म्हणाले, "खरं आहे. चपला घालताना आतून पुटपुटणं ऐकू यायचं. मला तिचा सूर आठवतो हो. वर चढायचा, मग जरा खाली यायचा, मग पुन्हा तसाच. शब्द नाहीत आठवत. ऐकलेच नाहीत." मला इतकं वाईट वाटलं, की मी चहा टाकला. तो त्यांनी पूर्ण प्यायला. त्यामुळे आणखीच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी रोह्याला उतरले. स्टेशनबाहेर पारू गजरे घेऊन बसते. मी नेहमी तिच्या समोरून घाईनं जाते. त्या दिवशी थांबले. पारूची वाडी नागोठण्याच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. पूर्वी ती पहिल्या गाडीनं पेणला यायची, आमच्या बिल्डिंगला फुलं द्यायची. वहिनींकडे जास्वंद आणि दूर्वा. पूजा संपेपर्यंत दाराशीच बसायची, कारण पूजा झाली की वहिनी तिला चहा द्यायच्या. वहिनी आजारी पडल्या आणि सरांनी तिला फुलं बंद म्हणून सांगितलं. तेव्हापासून ती रोह्याकडे वळली.

"बाई, वैनी कशी हाय?" तिनं विचारलं.

"बरी आहे गं. बोलता येत नाही."

"अगो बाय! मंग देवाशी कशी बोलते?"

मी तिथेच गजरा हातात धरून खुळ्यासारखी उभी राहिले. आम्ही सगळ्या गावाला विचारलं. शिकलेल्यांना विचारलं, मंडळातल्यांना विचारलं. जी बाई कित्येक वर्षं रोज त्या दारात, देवघरासमोर बसत होती, तिला विचारायचं सरांनाही सुचलं नाही आणि मलाही नाही. मी तर तिला रोज बघत होते! लाज वाटली, दुसरं काय.

"पारू, तू ऐकायचीस काय बोलायच्या ते?"

"व्हय तर. रोज. त्यात काय."

मी सरांना फोन लावला. ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सर मिळेल त्या गाडीनं आले, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. आल्याआल्या वही उघडली. "पारूबाई, शब्दशः."

"म्हंजी?"

"म्हणजे तिचे जसे होते तसे. आपल्या पदरचं काही घालू नका."

पारूनं टोपली बाजूला केली. सांगताना ती वहिनींसारखंच करून दाखवायला लागली. हात जोडून एकदा वाकली. "म्हनायची, हा नमस्कार माझा." मग पुन्हा वाकली. "नि हा ह्यांचा. ते जरा बाहेर गेलेत. येतील. तोवर माझ्याकडनं घे."

सर लिहायचे थांबले.

"झालं," पारू म्हणाली. "मी हसायची. म्हनायची, वैनी, देव काय हजेरी मांडतो काय? तर म्हनायची, त्यानं मांडली नाय तरी मी सांगते."

"रोज?" सरांनी विचारलं.

"रोज. पाऊस असूं दे, सन असूं दे."

सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "'गेलेत' म्हणायची की 'गेले आहेत'?"

"ओ सर, मी काय टेप हाय?" पारू वैतागली. पण सरांनी तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं, आणि तीनही वेळा 'गेलेत'च आलं. परतीच्या गाडीत सर माझ्यासमोर खिडकीशी बसले होते. नागोठणे आलं, कासू आलं, ते उठले नाहीत. मध्येच म्हणाले, "मला वाटायचं, ती माझ्याबद्दल तक्रार करत असेल. करायलाच हवी होती. आणि ती मला सांभाळून घेत होती." आणि गाडीत, चार माणसांसमोर, पोतनीस सर रडले. मी बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला बोलावणं आलं. "प्रयोगाला साक्षीदार लागतो," असं दारात म्हणाले. पारू जास्वंद घेऊन आली होती, आपल्या जुन्या जागी दाराशी बसली. सरांनी पूजा मांडलेली. कसली मांडतायत! देवांना गिझरचं कडकडीत पाणी, पुसायला चष्म्याचं फडकं, बाळकृष्ण पालथा, आणि गंध गणपतीच्या पोटाला. वहिनी खुर्चीतून "असं! असं!" करत कपाळावर हात मारत होत्या. शेवटी राहवेना, तेव्हा उठून पाटावर बसल्या आणि डाव्या हातानं सगळं नीट केलं. सर त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. पायजम्याची नाडी लोंबत होती.

"हा नमस्कार..." सरांनी सुरुवात केली आणि थांबले.

वहिनी घंटेकडे बघत राहिल्या.

"हा नमस्कार..."

"ओ सर, तसं नाय!" दारातून पारू. "आधी घंटी वाजवा. घंटी वाजवून मंग बोलायची ती. नि तुमी नका बोलू मधी."

सरांनी घंटा वाजवली. त्यांच्या पायांची बोटं हलली, मी बघितलं. पण ते उठले नाहीत.

वहिनींनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, दोन्ही जोडले आणि वाकल्या. "हा नमस्कार माझा."

सहा महिन्यांनी! स्पष्ट, खणखणीत, त्यांचा स्वतःचा आवाज. त्या पुन्हा वाकल्या. "हा ह्यांचा. ते जरा..."

आणि थांबल्या.

"बाहेर," सर कुजबुजले. "बाहेर गेलेत." त्यांना वाक्य पुरं व्हायला हवं होतं. वहिनींनी मान हलवली. नाही. "अगं, बाहेर गेलेत, येतील," सर काकुळतीला आले. "हेच आहे ना? हेच म्हणायचीस ना?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे, मग त्या लोंबणाऱ्या नाडीकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. तोंड उघडलं, मिटलं. शब्द शोधताना त्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती. मग देवाकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "हे... आलेत."

सरांनी झडप घालून वही उघडली. भराभरा पानं उलटली. "सुलभाबाई, हे यात नाही! पारूनं सांगितलं त्यात हे नाही! हे पाठातलं नाही हो, हे तिनं आत्ता... हे ती आत्ता..."

"अवो, मंग काय बोलणार ती?" पारू दारातून म्हणाली. "तुमी समोर बसलाव, नि ती देवाला बाहेर गेलेत सांगंल काय? खोटं बोलंल होय देवाशी?"

सरांनी वही मिटून बाजूला ठेवली. बायकोकडे वळले.

"हो," ते म्हणाले. "आलोय. जरा उशीर झाला."